संबळ वाजला की अंगात काय होतं?

परभणी जिल्ह्यात लग्न पार पडलं की अजूनही कित्येक घरांत गोंधळ घातला जातो. तो कुलाचारच असतो. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांना आवतण द्यायचं, कार्य निर्विघ्न झालं म्हणून त्यांचं देणं फेडायचं. रात्रीची जेवणं उरकली की पाटावर नवं कापड अंथरून चौक भरला जातो, कलश मांडला जातो, दिवटी पेटते. पायघोळ झगा आणि कवड्यांच्या माळा घातलेले गोंधळी उभे राहतात. तुणतुण्याची तार एकसुरात बोलू लागते आणि मग संबळावर काठी पडते. आधी देवदेवतांना आवतण, मग आख्यान. मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, कथा सांगतो, जोडीदार मधूनमधून खोड काढतो, लोक हसतात, आणि हसता हसता लय चढत जाते.

अशा वेळी गोंधळ्यांकडे न बघता मांडवात बसलेल्यांकडे बघावं. खांबाला टेकून बसलेली म्हातारी डोळे मिटून डुलू लागते. थोड्या वेळानं तिचं डुलणं तिच्या ताब्यात राहत नाही. कुणीतरी म्हणतं, “आज्जी घुमायलीय, कुंकू आणा.” शेजारी बसलेल्या तिच्या सुनेच्या हातावर काटा उभा राहिलेला असतो आणि डोळे भरून आलेले असतात. तीन वर्षांचं पोर चौकाभोवती उड्या मारत असतं. पुण्याहून आलेला नवरदेवाचा मित्र मोबाइलमध्ये बघत असतो, पण त्याचाही पाय जमिनीवर ठेका धरून असतो.

संबळ तोच, रात्र तीच, आणि चार शरीरांनी चार जबाब दिले. संगीतानं माणूस का हलतो, याचं उत्तर या चार जबाबांच्या फरकात आहे. पोराची उडी आणि मित्राचा पाय हे जन्माबरोबर मिळालेल्या शरीराचं काम. म्हातारीचं घुमणं मात्र त्या शरीरावर झालेल्या संस्कारांशिवाय होत नाही. सूनबाईचा काटा या दोहोंच्या मध्ये कुठंतरी येतो.

जुन्यांनी मांडलेला हिशेब

कलेचा परिणाम अंगावर दिसतो, हे आपल्याकडे फार आधी टिपलं गेलं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजणं, घाम फुटणं, काटा येणं, गळा दाटणं, कापरं भरणं, रंग उतरणं, रडू येणं आणि भान हरपणं. पुढे भक्तिपरंपरेनं हीच यादी उचलली आणि कीर्तनकारांच्या तोंडी ‘अष्टसात्त्विक भाव’ रुळले. आज प्रयोगशाळेत ऐकणाऱ्याच्या अंगाला तारा लावून घाम, नाडी, श्वास आणि त्वचेचं तापमान मोजतात, तेव्हा या आठातलीच काही नावं यंत्राच्या कागदावर उमटतात.

दुसरा धागा तर मराठवाड्यातलाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं आणि त्याचं काम जमाखर्चाचं. त्यानं लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ आजही भारतीय संगीतशास्त्राचा आधारग्रंथ मानला जातो. सात अध्यायांच्या या ग्रंथात पहिल्या अध्यायातच, स्वरांची चर्चा सुरू होण्याआधी, शार्ङ्गदेव मानवी देहाची उत्पत्ती सांगतो: गर्भ कसा वाढतो, नाड्या कशा पसरतात, नाद देहात कुठून उठतो. मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, अशी त्याची वाटणी आहे. त्याचं शरीरशास्त्र आज जसंच्या तसं टिकणार नाही. मात्र स्वर समजून घ्यायचे तर आधी देह समजून घ्यावा, हा त्याचा क्रम आजच्या मेंदूशास्त्रज्ञांनाही मान्य व्हावा असाच आहे.

पाय आपोआप का हलतो?

संबळ म्हणजे शेजारी शेजारी बांधलेले दोन छोटे नगारे. एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा चढा. कमरेला बांधून तो दोन काठ्यांनी वाजवतात आणि त्यांतली एक काठी टोकाशी वाकवलेली असते. चढ्या तोंडावर बोलांची बारीक पेरणी चालते आणि खर्जाच्या तोंडावर ठोका पडतो. ऐकणारा धरतो तो हा खालचा ठोका.

तो धरायला शिकावं लागत नाही. 2009 साली बुडापेस्टच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा साधा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातली पहिली, मुख्य मात्रा गाळली. मात्रा चुकली की बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी लगेच बदलत. म्हणजे ठोका पडायला हवा होता, हे त्या मेंदूला झोपेतही कळलं होतं.

मोठ्या माणसाचा मेंदू ताल नुसता ऐकून थांबत नाही. हातपाय हलवायची तयारी करणारे मेंदूचे भाग, त्यांतही खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा पुंजका, ठेका ऐकताना कामाला लागतात. माणूस अगदी निश्चल पडून असला तरी. ताल ऐकणं ही मेंदूच्या दृष्टीनं अर्धी हालचालच आहे. म्हणून आख्यानात रस नसलेल्या मित्राचा पाय हलतो. तो थांबवायचा तर मुद्दाम थांबवावा लागेल.

खर्जाची आणखी एक वाट आहे. अंतर्कर्णात तोल सांभाळणारे जे अवयव आहेत, त्यांतली एक इवलीशी पिशवी मोठ्या आणि खोल आवाजालाही प्रतिसाद देते. झोपाळ्यावर बसल्यावर जी जाणीव होते, तिच्याशी या अवयवांचा संबंध आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या सभागृहात इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक कार्यक्रम झाला. संशोधकांनी त्यात कानाला जवळजवळ ऐकूच येणार नाहीत अशा अतिखर्ज ध्वनीचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता. 2022 साली निष्कर्ष छापून आला: ते स्पीकर चालू असताना लोक जवळपास 12 टक्के जास्त नाचले.

वरातीतल्या डीजेचं गुपित हेच. परभणीच्या स्टेशन रोडनं वरात निघाली की छातीत धडधड होते, खिडक्यांची तावदानं वाजतात. गाणं आवडो न आवडो, खर्ज शरीराला ढकलतो. त्यासाठी कसल्या संस्काराची गरज लागत नाही. तसाच तो कानाच्या पेशींनाही ढकलतो, आणि त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डीजेच्या गाडीशेजारी तीन तास नाचलेल्या पोराला रात्री अंथरुणात शिट्टी ऐकू येते, ती त्याचीच सूचना असते.

लय चढते तशी नाडी चढते

गोंधळी काय किंवा भजनी मंडळ काय, कुणीही पहिल्या दमालाच द्रुत लयीत शिरत नाही. संथ सुरुवात, मग दुगण, मग टाळ-मृदंगाचा कडेलोट आणि एकदम थांबणं. ही बांधणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडली आहे. तिच्यामागचं कारण इटलीतल्या पाविया इथल्या हृदयतज्ज्ञ लुचियानो बर्नार्डी यांच्या प्रयोगात दिसतं. 2006 साली त्यांनी 24 जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं; त्यात एक भारतीय रागही होता. श्वासाचा वेग, नाडी आणि रक्तदाब चढला तो संगीताच्या लयीच्या प्रमाणात. कुठल्या प्रकारचं संगीत, यापेक्षा किती वेगाचं संगीत, याला शरीरानं जास्त दाद दिली. गंमत अशी की मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा नाडी सुरुवातीपेक्षाही खाली उतरली. गजर थांबल्यावर भजनात जी निवांत पोकळी जाणवते, तिच्यात शरीराचा हा हिस्सा आहे.

याच गटानं 2001 साली जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र यांचा अभ्यास केला होता. दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळते. गाणाऱ्याला ओळ पुरी करण्यासाठी श्वास लांबवावा लागतो. श्वास लांबला की शरीर सैल होतं.

काटा येतो तो वाट बघून

आता सूनबाईच्या हातावरचा काटा. केसांच्या मुळाशी बारीक स्नायू असतात. थंडीत किंवा भीतीत ते आखडतात आणि केस उभे राहतात. अंगभर केस असलेल्या आपल्या पूर्वजांना त्याचा उपयोग होता, आपल्याला उरलेला नाही. प्रश्न हा की थंडी नाही, वाघ नाही, मग संबळानं हे स्नायू का आखडावेत?

1980 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अव्रम गोल्डस्टाइन यांनी दहा जणांना नॅलोक्सोन हे औषध देऊन त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं. हे औषध शरीरातल्या अफूसदृश रसायनांचं काम अडवतं. दहांपैकी तिघांचे रोमांच कमी झाले. संगीताच्या सुखाला रसायनाची बाजू आहे, याचा हा सुरुवातीचा पुरावा. 2011 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. काटा येण्याच्या ऐन क्षणी मेंदूत डोपामाइन स्रवतं हे त्यांनी दाखवलं. ते त्या क्षणाच्या आधीही स्रवतं, पण मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे सुखाचे हप्ते दोन: एक जागा येणार म्हणून, आणि दुसरा ती आली म्हणून. 2019 साली बार्सिलोनात 27 जणांवर झालेल्या प्रयोगात डोपामाइन वाढवणारं औषध दिल्यावर संगीताचा आनंद वाढला, अडवणारं दिल्यावर घटला.

मैफलीत बसणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. तबलजी तिहाई घेतो तेव्हा सगळी मैफल समेकडे झुकते. सम आली की माना हलतात, ‘वाह’ निघतं. समेचा सगळा जीव तिच्या आधीच्या ओढीत असतो. आख्यानात देवीचा पराक्रम रंगात येतो, संबळाची बरसात दाट होते आणि अचानक सगळी वाद्यं थांबून एकट्या नाईकाचा आवाज वर जातो, तेव्हा नेमकं हेच घडतं. ऐकणाऱ्याचा अंदाज क्षणभर हुकतो आणि पुढच्याच क्षणी अपेक्षेपेक्षा मोठा होऊन पुरा होतो. पण अंदाज बांधायचा तर ती चाल आधी ऐकलेली हवी. ज्यानं आयुष्यात कधी गोंधळ ऐकला नाही, त्याला कुठली सम येणार आहे हेच माहीत नसतं. त्याचा पहिला हप्ता बुडतो.

परका कानही थोडं ओळखतो

मग परक्याला काहीच कळत नाही का? तसंही नाही. 1999 साली कॅनडात लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी राग कधी न ऐकलेल्या श्रोत्यांना राग ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव त्यांनी बऱ्यापैकी ओळखले; शांत रसापाशी मात्र ते अडखळले. 2009 साली कॅमेरूनमधल्या माफा जमातीच्या लोकांनीही आधी कधी न ऐकलेल्या युरोपीय संगीतातला आनंद, दुःख आणि भीती ओळखली.

याचं कारण माणसाच्या गळ्यात आहे. दुःखी माणूस सावकाश, खालच्या पट्टीत, ओढून बोलतो. रागावलेला जोरात आणि तुटक बोलतो. संगीत या खुणा उचलतं. सनईचा स्वर रडवेल्या गळ्यासारखा कापत, घसरत उतरतो, तेव्हा मेंदूला त्यात रडणारं माणूस दिसतं. पाठवणीच्या वेळी सनई सुरू झाली की नवरीशी ओळख नसलेल्या बायकाही पदर डोळ्याला लावतात. त्यांना मात्र त्याच क्षणी स्वतःची पाठवणीही आठवलेली असते. इथून पुढे शरीराची हद्द संपून आठवणीची सुरू होते.

वारं ढोलानं येतं की देवीनं?

अंगात येणं, वारं येणं, घुमणं याबद्दल एक सोपं स्पष्टीकरण बरीच वर्षं प्रचारात होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अँड्र्यू नेहर यांनी मांडलं की ढोलाचे ठरावीक गतीचे ठोके मेंदूच्या लहरींना आपल्यामागे ओढतात आणि माणसाचं भान हरपतं. ढोल हे कारण, घुमणं हा परिणाम, विषय संपला.

फ्रेंच संशोधक जिल्बेर रुजे यांनी 1980 साली आपल्या ग्रंथात हे मत निकालात काढलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: ढोलाच्या ठोक्यात एवढी ताकद असती, तर निम्मा आफ्रिका खंड बारा महिने तंद्रीत राहिला असता. जगभरच्या चालीरीती तपासून त्यांनी दाखवलं की कुठे ढोलानं माणूस घुमतो, कुठे बासरीनं, कुठे नुसत्या गळ्यानं. नेमका कुठला नाद कुणाला हलवणार, हे समाज ठरवतो.

परभणीत याचा पडताळा घ्यायला लांब जावं लागत नाही. शहरात दर फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात. सुफी परंपरेत कव्वाली ऐकताना एखाद्याला ‘हाल’ येतो, तो उठून उभा राहतो, भान विसरतो, आणि कव्वाल त्याला हलवणारी ओळ पुन्हा पुन्हा घेत राहतो. संबळानं घुमणाऱ्या म्हातारीला कव्वालीत सहसा वारं येत नाही. कव्वालीत हाल येणाऱ्याला संबळानं येत नाही. दोघांचे मेंदू एकाच घडणीचे. फरक आहे तो लहानपणापासून कुणाच्या मांडीवर बसून काय ऐकलं, कोणत्या नादापाशी काय होतं असं घरानं दाखवलं, यात. म्हातारीनं आपली आई, आपली सासू घुमताना पाहिलेली आहे. संबळ वाजल्यावर देवी येते हे तिच्या शरीराला ठाऊक आहे आणि ते तयारीत असतं. यात ढोंग असेलच असं मानायचं कारण नाही. शिकलेली गोष्टही तितक्याच खरेपणानं अंगावर येते. आणि घुमणं कधी थांबवायचं, कोणी कुंकू लावायचं, काय विचारायचं, याचीही रीत ठरलेली असते.

सामान्य रोमांचाबद्दलही हेच प्रयोगात दिसलं आहे. 2001 साली मॉन्ट्रियलच्या अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झाटोर यांनी माणसांना हमखास काटा आणणारं, त्यांनीच निवडलेलं संगीत ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. अन्न आणि लैंगिक सुख यांच्याशी जोडलेले मेंदूचे भाग उजळले. तुलनेसाठी काहीतरी तटस्थ संगीत हवं होतं; त्यासाठी त्यांनी एकाची आवडती चाल दुसऱ्याला ऐकवली. जिनं एकाच्या अंगावर काटा आणला, ती दुसऱ्याच्या मेंदूला तटस्थ होती!

एकत्र गाण्याची ताकद

गोंधळ स्टेजवर आला तरी त्याचं मूळ घरच्या मांडवात, माणसांच्या गराड्यात आहे. ‘गोंधळमहर्षी’ म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम हे परभणीचेच. पण मोठ्यातल्या मोठ्या गोंधळ्यालाही ‘उदो उदो’ म्हणणारा घोळका लागतोच. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटानं 2012 साली दाखवलं की गाणं, नाचणं, ढोल वाजवणं यांत भाग घेतल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढते. नुसतं ऐकून तसं होत नाही.

शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड करत पंढरपूरला जाते. टाचा फुटलेल्या, गुडघे सुजलेल्या माणसांना टाळ वाजवत, पावली खेळत मैलोन्‌मैल जाताना पाहिलं की डनबार यांचा निष्कर्ष वेगळा समजून घ्यावा लागत नाही. त्याच गंगाखेडच्या जनाबाई. त्यांच्या दळणकांडणाच्या कामाभोवती मराठी बायकांच्या ओठांवर शेकडो वर्षं जात्यावरची ओवी फिरत राहिली. दळण हे खांदे भरून आणणारं काम. ओवीच्या लयीनं ते सुसह्य झालं आणि मनातलं बोलायला जागा मिळाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या आठवणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र जात्याचा खुंटा हातात दिला की शब्द भराभर सुचतात, असा अनुभव या कामात पुन्हा पुन्हा आला. चाल हाताच्या हालचालीत जपलेली होती.

मग ‘या आजाराला हा राग’ या याद्यांचं काय?

हे सगळं ध्यानात घेतलं की रक्तदाबाला अमुक राग, मधुमेहाला तमुक राग अशा ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यांकडे बघायची नजर बदलते. संगीताचा उपयोग खराच आहे. 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला; शस्त्रक्रियेच्या आगेमागे संगीत ऐकवलेल्या रुग्णांत वेदना आणि चिंता कमी आढळल्या. संथ लयीनं श्वास संथ होतो, हेही आपण पाहिलं. पण एखादा राग गोळीसारखा ठरावीक आजारावर जाऊन पडेल, हे ना शरीराच्या घडणीत बसतं ना संस्काराच्या. शिवाय शंभरात तीन ते पाच माणसं अशी असतात की ऐकू नीट येतं, बाकी सगळ्या सुखांची चव आहे, पण संगीतानं त्यांच्यात काहीच हलत नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अशा माणसांचा अभ्यास केला. त्यांना अरसिक म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. त्यांच्या मेंदूत ऐकण्याचं केंद्र आणि सुखाचं केंद्र यांची जोडणीच सैल असते.

ज्या घरात विसरत चाललेले आजी-आजोबा आहेत, त्या घराला या शास्त्राचा सगळ्यात जवळचा उपयोग आहे. गाणं आणि स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी यांची गाठ बांधणारा मेंदूचा भाग कपाळामागे आहे आणि अल्झायमरमध्ये तो तुलनेनं उशिरा झिजतो. म्हणून नाव विसरलेली माणसंही अनेकदा चाल विसरत नाहीत. तरुणपणी ऐकलेलं सगळ्यात घट्ट बसतं. अशा आजीला शांत करायला कुणीतरी ‘मन शांत करणारं संगीत’ असं शोधून बासरी लावतं आणि ती ढिम्म हलत नाही. तिला काय लावायचं ते तिच्या भावाला, नणंदेला, गावाकडच्या मैत्रिणीला विचारावं: माहेरी पहाटे काकड्याला कोणतं भजन व्हायचं, जात्यावर कोण गायचं, लग्नात कोणाचा गोंधळ होता, रेडिओवर काय लागायचं. हे विचारायचं तर लवकर विचारावं; आज सांगू शकणारी माणसंही सत्तरी-ऐंशीची आहेत.